गोबऱ्या गालांची अक्षरं

माणसांसारखे अक्षरांनाही चेहरे असतात. काही अक्षरं कचेरीतल्या नोटिशीसारखी कपाळाला आठ्या घालून उभी असतात, तर काही गुटगुटीत बाळासारखी! ना कोपरे, ना टोकं, नुसते गोबरे गाल. खेळण्यांच्या खोक्यावर, आइस्क्रीमच्या गाडीवर ती तुम्हीही पाहिली असतील. शब्द वाचण्याआधीच चेहऱ्यावर हसू येतं.

इंग्रजीत या घराण्यातलं नावाजलेलं अक्षर म्हणजे 'कूपर ब्लॅक'. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपर यांनी घडवलेलं हे वळण १९२२ साली बाजारात आलं आणि जाहिरातदारांनी ते डोक्यावर घेतलं. १९६६ साली 'बीच बॉइज'च्या 'पेट साउंड्स' या रेकॉर्डच्या वेष्टनावर ते झळकलं. सत्तरच्या दशकात तर ते जिकडेतिकडे दिसू लागलं. म्हणूनच आजही ते पाहिलं की जुना जमाना आठवतो. स्वस्त प्रवास घडवणाऱ्या 'ईझीजेट' या विमान कंपनीनंही आपल्या नावासाठी हेच हसरं अक्षर निवडलं.

आपल्याकडेही अशी अक्षरं आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या चमूनं 'बलू' नावाचा गोलसर, ठसठशीत फॉन्ट केला. देवनागरीसह नऊ भारतीय लिपींत तो आहे आणि मोफत मिळतो. त्यामुळे घरगुती उद्योगवाल्यांचा तो लाडका!

माझ्या नणंदेनं लाडवांच्या डब्यावर तोच वापरला. वरचं नाव इतकं लोभस दिसलं की डबा उचलावासाच वाटे. पण आत काय काय घातलंय त्याची यादीही त्याच अक्षरात होती, मुंगीएवढी. सासूबाईंना मधुमेह. त्यांनी डबा डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, उजेडात फिरवला. शेवटी म्हणाल्या, "अगं, यात साखर आहे की नाही, एवढं तरी कळू दे मला!"

यात त्यांच्या चष्म्याचा दोष नव्हता. अक्षर जाड झालं की त्याच्या पोटातली मोकळी जागा कमी होते. आपल्या 'ब' आणि 'व'मध्ये, 'ष' आणि 'प'मध्ये फरक तो केवळ पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. अक्षर मोठं असताना ती रेघ दिसते. लहान केलं की सगळा काळा ठिपका. जोडाक्षरांचे हाल तर विचारूच नका.

पुढच्या छपाईत नणंदेनं नाव तसंच ठेवलं, यादी मात्र साध्या, सुटसुटीत आणि जरा मोठ्या अक्षरात घेतली. एका पैशाचाही जादा खर्च आला नाही. आता सासूबाई स्वतः वाचतात आणि साखर दिसली की डबा नातवाकडे सरकवतात.

बारशाचं आमंत्रण, वाढदिवसाचा फलक, खाऊचं दुकान, इथे गोबरी अक्षरं जरूर मिरवा. औषधाची मात्रा किंवा शोकसंदेश मात्र त्यांच्या हाती देऊ नका. आणि काहीही छापायला टाकण्यापूर्वी नमुन्याचा कागद घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हाती द्या. त्यांना न अडखळता वाचता आलं, तर खुशाल छापा!