आमचें घटिकापात्र

मराठींत घटका भरते. एखादा मनुष्य अंथरुणास खिळला म्हणजे त्याची घटका भरत आली असें आपण म्हणतों. पाहुण्यास घटकाभर टेकण्याचा आग्रह करतों. आणि पंचांगांत तिथिनक्षत्रांचीं घटका-पळें अजून छापलीं जातात. परंतु ही जी भरते ती वस्तु कोणती, तिच्यांत काय भरतें, आणि भरल्यावर तिचें पुढें काय होतें, हें प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत. आम्ही स्वतः कित्येक वर्षें वर्गांत ‘घटिका’ शब्दाची व्युत्पत्ति सांगत आलों. घट म्हणजे घडा, घटिका म्हणजे लहान घडा. मुलें तें वहींत उतरून घेत, आणि आम्ही पुढील शब्दाकडे वळत असूं.

ती वस्तु म्हणजे तांब्याची एक अर्धगोल वाटी. तिच्या बुडाशीं बारीक छिद्र असतें. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत ती तरंगत सोडावयाची. छिद्रांतून पाणी हळूहळू आंत चढतें, आणि वाटी भरली कीं ती एकाएकीं तळाशीं जाते. या बुडण्यास लागणारा काळ ती घटिका, म्हणजे आपलीं २४ मिनिटें. साठ पळांची एक घटिका, साठ घटिकांचें एक अहोरात्र. बुडाली कीं उचलावी, रिकामी करावी, पुन्हा सोडावी, रात्रंदिवस हेंच. हिंदुस्थानांतील शहरांत हें काम करणारे आणि प्रत्येक घटिकेस जाड धातूच्या थाळीवर टोला देणारे लोक बाबरानें पाहिले व आपल्या आत्मवृत्तांत त्यांचें वर्णन करून ठेविलें. त्या थाळीस घडियाळ म्हणत. आज मनगटावर बांधलेल्या यंत्रास आपण त्याच थाळीचें नांव देतों. फक्त टोला तेवढा गेला.

फावल्या वेळीं कांहीं तरी उघडून, जोडून, घासून पाहण्याची खोड आम्हांस जुनीच आहे. इस्त्री, पंखा, लंबकाचें घड्याळ, गच्चीवरील टांकीचा तरंगता गोळा, यांपैकीं कशासही आमच्या हातून सुटका मिळालेली नाहीं. घरांत या उद्योगास ‘खुडबूड’ म्हणतात. नातवाची मुंज २०२४ सालच्या माघांत करावयाची ठरली, तेव्हां त्या मुहूर्तासाठीं खरें चालणारें घटिकापात्र आपण स्वतः करावें असें आमच्या मनानें घेतलें. पूजेकरितां जें पात्र मांडतात तें बहुधा नांवालाच असतें. त्याला भोंक असलें तरी त्याच्यावर कोणी काळ मोजीत नाहीं.

वाटी मात्र आम्हांस घडवितां येण्याजोगी नव्हती. त्यासाठीं कसब्यांतील तांबट आळी गांठली. दहा सेंटिमीटर रुंदीची, बरोबर अर्धगोल, सुमारें दीडशें ग्रॅम वजनाची वाटी पाहिजे, असें सांगतांच ते वृद्ध तांबट म्हणाले, “होईल कीं. पूजेला पाहिजे का, मास्तर?” आम्हीं म्हटलें, “नाहीं, बुडवायला. बुडाला भोंक पाडायचं आहे.” त्यांनीं हातांतला हातोडा खालीं ठेवला. “एवढी मन लावून घडवायची, आणि वर भोंक पाडायचं?” परंतु हेतु समजतांच त्यांनींच एक सूचना केली, जी आमच्या कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. ते म्हणाले, “मग तळाला पत्रा थोडा जाड ठेवतों. पातळ राहिला तर भोंकाची कड फाटेल, आणि मग तुमचा हिशेब लागायचा नाहीं.”

त्या वाक्यावर आम्हीं पुढें फार विचार केला. आपल्या समाजांत लेखणी धरणाऱ्या हातानें हातोडा धरूं नये असा एक अलिखित दंडक पिढ्यान् पिढ्या चालला. सिद्धान्तग्रंथ एका आळींत, तांबें दुसऱ्या आळींत, आणि मध्यें रहदारी नाहीं, अशी ही स्थिति. बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून लोखंडी नांगरापर्यंत पोहोंचणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्यासारखे पुरुष निघाले हें खरें. पण ज्याचें आपण कौतुक करतों त्याचें अनुकरण आपल्या घरांत होऊं देतोंच असें नाहीं. मुलगा अभ्यासांत हुशार असला कीं त्याच्या हातांतील पक्कड प्रथम काढून घेतली जाते.

भोंकाची कथा निराळी. तें एक मिलिमीटरहूनहि बारीक असावें लागतें, आणि तें मोठें करतां येतें, लहान करतां येत नाहीं. म्हणून बुधवार पेठेंत, जेथें रेडिओचे सुटे भाग मिळतात, तेथून अर्ध्या मिलिमीटरचीं तीन पातीं आणलीं आणि हातानें फिरवावयाच्या लहानशा ड्रिलला लावलीं. तांबें मऊ खरें, पण फार चिवट. तें पात्यास धरून ठेवतें. दोन पातीं मोडल्यावर तिसरें पार गेलें. त्या दिवशीं वाटी बुडण्यास ५१ मिनिटें लागलीं. आम्ही न्हाणीघरांत घंगाळापाशीं पाटावर बसलेले पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, नळाला पाणी आहे तोंवर आंघोळ उरका. तुमची वाटी कांहीं आज बुडत नाहीं.”

पुढील काम घड्याळें दुरुस्त करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं दिलेल्या हत्यारानें केलें. ही पांच पैलूंची निमुळती सुई असते. भोंकांत घालून फिरविली कीं तिच्या कडा आंतून धातु खरवडतात. दोन फेऱ्या फिरवावयाच्या, वाटी पुसावयाची, पाण्यावर सोडावयाची, आणि वाट पाहावयाची. ५१ चीं ३८ झालीं, ३८ चीं २९. येथून पुढें हात फार जपून चालवावा लागतो. भोंकाचा व्यास किंचित् वाढला तरी क्षेत्रफळ त्याच्या वर्गानें वाढतें. पंचवीस मिनिटांवरून चोवीसांवर येण्यास व्यासांत जो फरक पडावा लागतो तो केंसाच्या जाडीच्याहि बराच आंत असतो.

एकोणतीस मिनिटांवर असतां एक गोष्ट घडली. आमची नात दहावींत आहे. ती मोजण्याच्या वेळीं फोन घेऊन शेजारीं बसत असे. तिनें वहींत भागाकार केला आणि म्हणाली, “आजोबा, दिवसांतून ही साधारण पन्नास वेळां बुडेल. म्हणजे एक बुडी सव्वा घटकेची, थोडी कमीच. मग हें घड्याळ झालंच कीं! अजून कशाला खरवडतां?”

आम्ही उठलों आणि कपाटांतून सिद्धान्तशिरोमणि काढला. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, हा ग्रंथ रचला. त्यांच्या पूर्वींच्या ग्रंथकारांनीं घटिकापात्राचें माप मोठ्या बारकाव्यानें दिलें होतें: तांबें दहा पलें, उंची सहा अंगुलें, रुंदी बारा अंगुलें, आणि छिद्र कसें, तर सव्वातीन माषांहून किंचित् अधिक सोन्याची चार अंगुलें लांब सुई ओढून ती जाईल एवढें. ऐकावयास हें मोठें भारदस्त वाटतें. भास्कराचार्यांनीं तें सारें बाजूस सारलें. या मापांस युक्तीचा आधार नाहीं आणि तसें पात्र घडविणेंहि कठीण, असा त्यांचा अभिप्राय आहे. त्यांची रीति अशी: वाटी हवी तशी घ्या, भोंक पाडा, अहोरात्रांत ती किती वेळां बुडते तें मोजा, आणि त्या संख्येनें अहोरात्रास भागा, जें येईल तें तुमच्या पात्राचें मान. माप वस्तूवर लादावयाचें नाहीं, वस्तूपासून माप काढावयाचें. आम्हीं तो श्लोक मुलांकडून अन्वयासह म्हणवून घेतलेला होता. परंतु तो ओल्या हातांच्या मनुष्यानें लिहिलेला आहे, हें त्या दिवशीं न्हाणीघरांत कळलें.

तथापि आम्हीं खरवडणें थांबविलें नाहीं. उपाध्यायांस पूर्ण घटिकाच हवी होती, आणि हौसेस कारण लागत नाहीं. आणखी चार दिवसांनीं पात्र २४ मिनिटांवर आलें.

आलें खरें, पण टिकेना. पहांटेच्या गार पाण्यांत तें अर्ध्या मिनिटानें मागें पडे, दुपारीं पुढें धांवे. थंड पाणी दाट असतें व बारीक छिद्रांतून सावकाश चढतें, हें शास्त्रांत ठाऊक असलेलें तत्त्व येथें घंगाळांत दिसत होतें. पाण्यांतील गाळाचा एक कण छिद्रांत बसला कीं घटिका लांबते, म्हणून पाणी दुहेरी फडक्यांतून गाळून घ्यावें लागतें. विहिरीच्या जड पाण्यानें पंधरा दिवसांत छिद्राच्या कडेस क्षार धरतो; त्यावर चिंचेचें पाणी हाच उपाय. आणि पात्र हलकें केलें तर बुडण्यास अधिक वेळ घेतें, जड केलें तर कमी. म्हणून वजनाशीं खेळ करूं नये.

मुंजीच्या आदल्या रात्रीं चिरंजीव म्हणाले, “बाबा, फोनमध्यें सेकंदसुद्धां दिसतो. हें उद्यां पाहुण्यांसमोर कशाला?” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, फोन बरोबर आहे कीं नाहीं हें तपासण्याचें साधन आम्हांपाशीं नाहीं, वाटीचें आहे. पंचांगांत सूर्योदय ७ वाजून ३ मिनिटांचा होता आणि मुहूर्त सहा घटिकांवर. नात सकाळीं सातच्या आधींपासून घंगाळापाशीं बसली. सहावी वाटी बुडून तळाशीं टण्‌कन वाजली तेव्हां फोनमध्यें ९ वाजून २७ मिनिटें आणि चाळीस सेकंद झाले होते. ते चाळीस सेकंद म्हणजे वाटी उचलून, उलटी करून पुन्हा सोडण्यांत गेलेला काळ. जुन्या घटिका मोजणारांनाहि तो चुकला नसेल. उपाध्याय म्हणाले, “घटिकेची पूजा मीं शेंकडों वेळां केली. बुडालेली आज पाहिली.” चिरंजीवांनीं तिचें छायाचित्र काढून घेतलें.

येथें एक गोष्ट सांगून टाकतों. घटिका स्थानिक सूर्योदयापासून मोजावयाच्या. आणि आपलें घड्याळ ८२½ अंश रेखांशावरील सूर्यानें चालतें. त्या मानानें पुण्याचा मध्यान्ह सरासरी साडेचौतीस मिनिटें मागें, आणि रत्नागिरीच्या व नागपूरच्या मध्यान्हांतच आपसांत जवळजवळ एका घटिकेचें अंतर. भारतीय प्रमाणवेळ १९०६ सालीं सुरू झाली, तरी मुंबईनें आपली एकोणचाळीस मिनिटें मागची वेळ पुढें १९५५ पर्यंत सांभाळली. तो हट्ट आम्हांस आतां पूर्वींइतका विचित्र वाटत नाहीं.

मुंजीच्या पंक्तींत एका पाहुण्यांनीं लीलावतीची गोष्ट काढली. तिच्या विवाहाच्या मुहूर्ताकरितां पाण्यावर पात्र सोडलें होतें; ती वांकून पाहूं लागली तों तिच्या अंगावरील एक मोतीं त्यांत पडलें, छिद्र बुजलें, आणि मुहूर्त टळून गेला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत ही कथा नाहीं. अकबराच्या पदरीं असलेल्या फैजीनें १५८७ सालीं लीलावती ग्रंथाचें फारसी भाषांतर केलें, त्यांत ती आली आहे. कथा खरी कीं रचलेली, हा वाद आम्हांस मिटवितां येत नाहीं. परंतु मोत्यानें पात्र अडेल कीं नाहीं, हें तर पाहतां येतें. सौभाग्यवतींच्या जुन्या नथींतून सुटलेलें एक मोतीं त्यांनीं, पुष्कळ अटी घालून, आमच्या स्वाधीन केलें. पाणी खालून जोरानें वर येत असल्यामुळें मोतीं छिद्रावरून ढकललें जाईल असा आमचा तर्क होता. तसें झालें नाहीं. मोतीं घरंगळत बुडाच्या खोलगट जागीं गेलें आणि नेमकें छिद्रावर बसलें. त्याच्या कडेनें पाणी केवळ पाझरत राहिलें. तासाभरानंतरहि वाटी निम्मी भरली नव्हती. फैजीस ही गोष्ट ज्यानें सांगितली, त्यानें किंवा त्याच्या पूर्वजानें घटिकापात्र हाताळलेलें असलें पाहिजे. मोतीं त्याच सायंकाळीं मोजून परत करण्यांत आलें.

आमच्या या उद्योगाची वार्ता पसरल्यावर कांहीं स्नेही येऊन म्हणूं लागले कीं, पाहा, सारें शास्त्र आपल्याकडे आधींच होतें. हें आम्हांस रुचत नाहीं. बुडणारी वाटी इराणांतहि होती. तेथील शेतकरी जमिनीखालील कालव्यांचें पाणी तिच्यावर मोजून वांटून घेत, आणि विसाव्या शतकापर्यंत घेत होते. तहान आणि वेळ हीं सर्वत्र सारखींच. भास्कराचार्यांविषयीं अभिमान वाटावा तो त्यांनीं पूर्वसूरींचें माप निमूटपणें उतरून घेतलें नाहीं म्हणून. आणि त्यांच्या नांवाचा जयघोष करणारांपैकीं एकानेंहि अद्याप आमच्या न्हाणीघरांत येऊन वाटी पाण्यावर सोडलेली नाहीं. आले ते तांबट. त्यांनीं वाटी दोनदां बुडतांना पाहिली, फोन लावून मोजली, आणि जातांना पांच पैलूंची सुई कोठें मिळते तें विचारून गेले.

सध्यां पात्र बुडतांच आपोआप घंटा वाजावी अशी योजना चालली आहे. कांठास बारीक तार, तार तरफेस, तरफेच्या दुसऱ्या टोंकास देव्हाऱ्यांतील जुनी घंटा. परंतु तार बांधतांच ती पात्रास किंचित् वर ओढूं लागली, आणि घटिका सव्वीस मिनिटांची झाली. नातीचें म्हणणें, तार सैल ठेवावी, म्हणजे बुडतांनाच ताणली जाईल. तसें केलें, तर परवां घंटा वाजली ती पात्र बुडाल्यावर नव्हे, मांजर तारेंत अडकल्यावर. आतां तार भिंतीच्या कडेनें वरून नेत आहों.