घराची मोरी

घर पाहावयाचें तर दिवाणखाना पाहूं नये, मोरी पाहावी, असें माझी आजी म्हणे. सुग्रण पुष्कळ सांपडतील. पण खरकटें पाणी वेळच्या वेळीं बाहेर गेलें नाहीं, तर अन्नपूर्णेच्या घरींही कोणी दोन दिवस टिकणार नाहीं! परवां बदलापुरास जातांना उल्हासनगरच्या सुमारास वालधुनीचा दर्प डब्यांत शिरला आणि आजीचें हें वचन आठवलें. अंबरनाथच्या इ. स. १०६० मधील शिवालयाजवळून वाहत येणाऱ्या ह्या नदीची आपण मोरी करून टाकली आहे. पण त्या दिवशीं बदलापुरास ज्या मोरीशीं माझी गांठ पडली, ती डोळ्यांना दिसणारी नव्हती.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची सात वर्षांची मुलगी आजारी आहे. भर दुपारीं खोलीचे पडदे ओढलेले होते. उजेड तिच्या डोळ्यांना सोसत नाहीं. पहिला वाढदिवस होण्यापूर्वींच तिला अतोनात तहान लागूं लागली, लघवी फार होऊं लागली आणि वाढ खुंटली. लाख-दोन लाख अर्भकांत एखाद्यासच होणारा हा रोग. त्याचें नांव सिस्टिनोसिस.

आपल्या पेशींत लायसोसोम, म्हणजे लयकारिका, नांवाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियां द द्यूव यांनीं १९५५ सालीं त्यांना हें नांव दिलें. जुनीं झालेलीं प्रथिनें त्यांतील आम्ल रसांत विरघळतात आणि त्यांचे घटक पुन्हा कामास लागतात. त्यांपैकीं सिस्टिन नांवाचा घटक बाहेर सोडण्यासाठीं पिशवीच्या भिंतींत एक स्वतंत्र दार आहे. हें दार म्हणजेही एक प्रथिनच. ३६७ अमिनो आम्लांची, भिंतींतून सात वेळां आरपार गेलेली साखळी. ती कशी घडवावी ह्याचा लेख सतराव्या गुणसूत्रावरील ‘सीटीएनएस’ ह्या जनुकांत असतो. संशोधकांना तो १९९८ सालीं सांपडला. हा लेख बिघडला कीं सिस्टिन आंतच कोंडतें आणि त्याचे स्फटिक होतात. आधीं मूत्रपिंडें खालावतात, मग डोळे. पचन उत्तम, पण मोरी तुंबलेली!

“सर, दोष कोणाच्या घराण्याचा हो?” मुलीच्या आजीनें विचारलें. प्रश्न मला होता. रोख सुनेकडे होता. ती मान खालीं घालून चहाचे पेले उचलीत होती.

मी म्हणालों, “ताई, दोन्ही घराण्यांचा, आणि म्हणून कोणाचाच नाहीं. प्रत्येकाजवळ ह्या लेखाच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक बापाची. एक चुकलेली असली तरी दुसरीवर काम भागतें. तुमच्या मुलाजवळ एक चुकलेली आहे, सुनेजवळही एक. दोघेंही धडधाकट! दोन्ही चुकलेल्या प्रती एकाच मुलाच्या वाट्यास येणें, हा चारांत एकदां यावयाचा योग. आणि तुमच्या मुलाकडे ती प्रत आली, ती तुमच्याकडून किंवा यजमानांकडूनच ना?”

ताई कांहीं बोलल्या नाहींत.

ह्या रोगावर सिस्टिअमीन नांवाचें औषध आहे. तें बिघडलेलें दार दुरुस्त करीत नाहीं. तें पिशवींत शिरतें, कोंडलेल्या सिस्टिनाशीं संयोग पावतें आणि लायसिन ह्या दुसऱ्याच घटकासाठीं असलेल्या दारानें त्याला बाहेर काढतें. रोग त्यानें जात नाहीं. पण मूत्रपिंडांचें आयुष्य लांबतें. मात्र तें दर सहा तासांनीं द्यावें लागतें, आणि त्याचा वास असा कीं मूल तोंड फिरवितें.

“रात्रीं दोनचें औषध कोण देतें?” मीं सहज विचारलें.

“आई उठतात,” सून हळूच म्हणाली. “मला उठूं देत नाहींत.”

दोष विचारणारी तीच, आणि गेलीं कित्येक वर्षें मध्यरात्रीं उठणारीही तीच! माणसाच्या मनांतली मोरीही कधीं कधीं अशीच तुंबते. सुदैवानें तेथेंही एखादें दुसरें दार असतें.