सोमवारी अजिंठा बंद असतो

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. आमच्या टेंभुर्णीहून अजिंठा एका दिवसात पाहून येण्यासारखा आहे, तरी ही साधी गोष्ट घरातल्या सहा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. भोकरदन, सिल्लोड मागे टाकून जीप अजिंठा गावात चहाला थांबली, तेव्हा टपरीवाल्यानेच सांगितलं. चूक आमचीच. अम्मीने डब्याचं फडकं सोडलं, छोटीने चित्राची वही काढली. वाट अडली की आमच्या घरात हे दोनच इलाज.

हा नाद आमच्याकडे मरहूम दादांपासून आला. दादा पाट्या रंगवायचे. किराणा दुकान, पिठाची गिरणी, ट्रकची फळी, शाळेची भिंत. देवनागरी आणि उर्दू दोन्ही अक्षरांवर हात सारखाच बसलेला. कुठेही गेले तरी खिशात पेन्सिलचा तुकडा असायचा. चहापत्तीच्या पुड्याच्या कागदामागे जाळ्या, कमानी, वेलबुट्ट्या उतरवून आणायचे. माणसाचा चेहरा मात्र त्यांनी कधी काढला नाही. सजीवांच्या चित्रांबाबत त्यांचं मत ठाम होतं, स्वतःपुरतं.

ते गेल्यावर कागदांची ट्रंक तशीच राहिली. तीन वर्षांनी उघडली तर वाळवीने सगळं खाल्लेलं. गावातल्या पाट्यांची जागा तोवर फ्लेक्सने घेतली होती. आज दादांच्या हातचं आमच्याकडे काहीही नाही. तेव्हापासून अब्बा प्रत्येक चित्राखाली गावाचं नाव आणि तारीख लिहितात. आणि दोन वर्षांपासून अब्बांचा हात थरथरतो.

तर त्या सोमवारी आम्ही अजिंठा गावातच बसलो. लेणी पाहायला जाणारे या गावातून सरळ घाट उतरतात, थांबत कोणी नाही. पण इथे निजामाच्या काळातली सराई आहे, गावाची जुनी वेस आहे. अब्बांनी वेशीची कमान धरली. एरवी एका दमात उतरणारी रेघ तीनदा तुटली. ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही.

याच गावातल्या बारादरीत मेजर रॉबर्ट गिल राहायचा. मद्रास फौजेतला हा अधिकारी 1844 मध्ये लेण्यांतली चित्रं उतरवायला इकडे आला आणि उरलेलं आयुष्य याच मुलखात राहिला. पारो नावाच्या स्थानिक बाईची आणि त्याची कहाणी ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे मराठी वाचकांना ठाऊक आहे. 1856 मध्ये पारो वारली. गिलने बांधलेली तिची कबर गावात आहे. तिथे उभं राहून अब्बांनी छोटीला पुढचं सांगितलं. गिलने वर्षानुवर्षं खपून केलेली मोठमोठी तैलचित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. 1866 च्या आगीत मोजकी सोडून सगळी जळाली. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, तेरा वर्षं काम चाललं. त्यांतलीही बरीच चित्रं 1885 मध्ये लंडनच्याच आगीत गेली.

"मग परत कशाला काढायची?" छोटीने विचारलं. अब्बा म्हणाले, "दादांच्या ट्रंकेबद्दल तू असं विचारलं नाहीस."

रात्री सिल्लोडला फुफीकडे मुक्काम केला. दस्तरखानावर वाद निघाला, तो आमच्या घरी नवा नाही. छोटी इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेची तयारी करते आहे. स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांत तिला अडचण नाही. अक्षरलेखन तर दादांचंच. पण स्मरणचित्रात बाजार, बसस्टँड असे विषय येतात, आणि माणसांशिवाय बाजार कसा दाखवायचा? आपाचं मत दादांसारखंच. चेहरे नकोत म्हणते. अब्बा म्हणतात, शिकण्यासाठी काढलेलं वेगळं. दोघांनी एकमेकांचं नीट ऐकून घेतलं आणि दोघेही आपल्या मतावर राहिले. फुफीने मात्र शेवया वाढताना विचारलं, "दादांनी कधी माझी वेणी काढली होती, माहीत आहे का? पाठमोरी." आम्हाला माहीत नव्हतं.

मंगळवारी फर्दापूरच्या तिठ्यावर जीप ठेवून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत गेलो. वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखी वळते आणि त्या कड्यात ओळीने लेणी. पहिल्या लेण्यात सगळ्यांचे डोळे पद्मपाणीकडे गेले. अब्बा मान वर करून छत पाहत राहिले. कमळं, फळं, वेली, चौकटीत चौकट. दादा इथे आले असते तर पुढे सरकलेच नसते. अंधुक उजेडात खालचे रंग कळायला वेळ लागतो, आणि मागून गर्दी ढकलत असते. छोटी घाई करू लागली तेव्हा अब्बा हळूच म्हणाले, "जल्दी नक्को. पहले देख ले."

बाहेर सावलीत बसल्यावर त्यांनी एक नाव सांगितलं, जे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं: सय्यद अहमद. लेडी हेरिंगहॅम 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत चित्रं उतरवायला आल्या, तेव्हा कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आले. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन. बाकीचे काम संपवून परतले. सय्यद अहमद पुढे याच लेण्यांचे क्युरेटर झाले. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी 1930 पासून अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ काढला, त्याच काळातला हा माणूस. बौद्ध भिक्खूंची चित्रं, आणि त्यांच्यापाशी राहून रोज एकेक बोट, एकेक पाकळी निरखणारा हैदराबादचा मुसलमान चित्रकार. आधीच्या नकलाकारांनी चित्रं उजळ दिसावीत म्हणून व्हार्निश फासलं होतं, ते पुढे काळवंडलं. नक्कल करणाऱ्याकडून मूळ चित्राला इजा होऊ शकते, हे ऐकून आपाने आपली वही जरा मागे ओढली. आम्ही हसलो.

अब्बांनी नदीचं वळण काढायला घेतलं. थरथर होतीच, पण पाण्याच्या रेघेत ती खपून गेली. छोटी त्यांच्या मागे दोन पायऱ्या वर बसली होती. बसची वेळ झाली तेव्हा तिने वही पुढे केली. टोपी, झुकलेले खांदे, कोपराशी दुमडलेली बाही, पुढे नदी. पाठमोरे अब्बा.

आपाने बराच वेळ पाहिलं. "कान मोठा झाला," ती म्हणाली.

अब्बांनी पेन्सिल मागून घेतली आणि खाली लिहिलं: अजिंठा, मंगळवार. तारीख घालायला पेन्सिल पुन्हा टेकवली, तर टोक मोडलं. ती छोटीने घरी आल्यावर घातली.