घसारा वजा जाता

आमच्या घरच्या सायकलीची आजची पुस्तकी किंमत १६ रुपये ४२ पैसे आहे.

हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. बाबा उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला लागले आणि १९८७ साली त्यांनी ही ॲटलसची रेसिंग सायकल ९०० रुपयांना नवी घेतली. खाली वाकलेले हँडल, बारीक टायर, मध्ये दांडी. घटत्या शिल्लक पद्धतीने दरसाल दहा टक्के घसारा धरला, तर २०२५ साली एवढेच उरतात. सरळ रेषा पद्धतीने ती १९९७ सालीच, म्हणजे माझ्या जन्माआधी, शून्यावर आली असती. घटत्या शिल्लकेचा स्वभाव मात्र कनवाळू. ती कशालाच पुरते शून्य होऊ देत नाही. (शाळेत मी 'घसारा' शिकले, कॉलेजात 'डेप्रिसिएशन'. मला अजूनही पहिला शब्दच खरा वाटतो. त्यात वस्तू झिजताना ऐकू येते.)

भंगारवाला तिचे ४०० देतो. आणि शहरात कॉफीचे नवे हॉटेल काढणारे एक गृहस्थ चक्क ६,००० द्यायला तयार झाले. त्यांना ती भिंतीवर टांगायची होती. जुन्या वस्तूंनी म्हणे गिऱ्हाईक येते.

सहा हजार म्हणजे नेमकी माझ्या टॅलीच्या वर्गाची फी. उद्यमबागेत हिशेबनीसाची नोकरी हवी असेल, तर पदवीपेक्षा आधी टॅली विचारतात. त्यामुळे हा प्रश्न काही हौसेचा नव्हता.

वाचकांना वाटेल, वडिलांच्या आठवणींसाठी मी अडून बसले असेन. तसे काही नाही. विकण्याच्या बाजूचे पहिले मत बाबांचेच. "इकून टाक की. दिवसभर लोखंडच वितळवतोय मी. मला लोखंडाचं कौतुक सांगू नको." आईचे मत दांडीच्या सायकलीबद्दल मी दहावीत असल्यापासूनच ठरलेले आहे, ते इथे छापण्याजोगे नाही.

मग ठेवायची कशासाठी? बसचे पैसे वाचतात, हे माझे जुने उत्तर. ११ जून २०२३ रोजी कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला, आणि माझ्या उत्तरातली हवाच गेली. येळ्ळूर ते कॉलेज, खर्च शून्य. शून्याशी स्पर्धा कोणती सायकल करणार?

तेव्हा मी आठवडाभर वहीत वेळ मांडून पाहिली. बस तिच्या वेळेने जाते, मी माझ्या वेळेने. सायकल असली की ग्रंथालय बंद होईपर्यंत बसता येते. वडगावात दोन मुलींच्या शिकवण्या घेऊन, दिवेलागणीला भाताच्या शिवारांमधून घरी पोचता येते. बसवर अवलंबून राहिले की शिकवण्या पहिल्या जातात. म्हणजे सायकल पैसे वाचवत नसली, तरी मिळवते आहे. भविष्यात ज्यापासून लाभ होईल ती मालमत्ता, अशी व्याख्या आम्ही पाठ करतो. हॉटेलवाल्यांना तिचा भूतकाळ हवा होता.

तरीही विकण्याकडे काटा झुकवणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे टायर. दोन्ही टायर फुटायच्या बेतात, आणि सत्तावीस इंची, सव्वा इंच जाडीचा टायर शहापुरातल्या चार दुकानांत मिळाला नाही. हल्लीच्या सायकलींचा सातशेचा टायर दिसायला तेवढाच. पण रिमवर तो जिथे बसतो, तिथला व्यास जुन्यात ६३० मिलिमीटर आणि नव्यात ६२२. आठ मिलिमीटरसाठी तो चढतच नाही.

शहापुरातले सायकलवाले काका कानडीच बोलतात. त्यांनी दांडीवर बोट वाजवून पाहिले, चिमटा पाहिला, पायडल उलटे फिरवले. "मारब्याड तंगी. गाडी इन्ना गट्टी ऐति." विकू नको म्हणणारा हा पहिला माणूस, आणि त्याचा त्यात धंदा आहे हे मी विसरले नाही. त्यांचा तोडगा असा: रिमच सातशेचे, ॲल्युमिनियमचे घालायचे आणि ब्रेकचे गुटके चार मिलिमीटर खाली सरकवायचे. खाचेत तेवढी जागा आहे. लोखंडी रिमवर पावसात ब्रेक लागत नाही, हे येळ्ळूरच्या रस्त्यावर मी पुरते अनुभवले आहे. तेही दुखणे जाईल. खर्च सगळा मिळून अडीच हजार. टायर हा महसुली खर्च, रिम भांडवली. हा प्रश्न परीक्षेत आला तर दोन गुण पक्के.

हॉटेलवाल्यांना मीच फोन केला. ते सात हजारांवर आले. मी म्हटले, "तुम्ही चालवणार असाल तर तीन हजारांत देते." ते हसले, त्यांना वाटले मी भाव वाढवते आहे.

रिम गेल्या शनिवारी बसले. टॅलीचा वर्ग आता दिवाळीनंतर. शिकवण्यांचे पैसे तोवर जमतील असा अंदाज आहे. बाबांना तो पटलेला नाही. परवा कारखान्यातून येताना मात्र त्यांनी कॉटर पिनांचा एक जोड आणला, आणि बिल माझ्या हातात ठेवले.