पित्तच असेल...

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? बरी आहे. पण न लिहिण्याचं कारण तब्येतच होती, आणि तिचं नाव सांगितलं तर तुम्ही हसाल. पित्त!

आमच्याकडे पित्ताला कोणी आजार मानतच नाही. मराठीत त्याला कामं तरी किती लावलीत बघा. डोकं दुखलं, पित्त. उन्हातून आल्यावर मळमळलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या तर तेही पित्तच, मग आमसुलं भिजवून त्याचं पाणी चोळायचं. कुणाचा राग आला तर पित्त खवळतं. छातीत जळजळलं, घशाशी आंबट आलं, करपट ढेकर आली तर काय, ते तर हक्काचंच पित्त. जुन्या वैद्यकात यातल्या शेवटच्या प्रकाराला अम्लपित्त असं वेगळं नाव आहे, 'माधवनिदाना'त त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. आम्ही मात्र सगळं एकाच पोत्यात भरतो. माझे एक काका रोज सकाळी मोरीत उभे राहून घशात दोन बोटं घालत आणि पित्त 'काढत'. तो आवाज आला की चाळीत कुणाला गजर लावायची गरज नसे. काढून झालं की लगेच कपभर चहा, रिकाम्या पोटी, म्हणजे उद्यासाठी पुन्हा तयारी!

असो. आता जे सांगायचंय ते जरा कठीण आहे.

१९९६च्या गणपतीत, गौरी जेवल्या त्या रात्रीची गोष्ट. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवडी, सगळं साग्रसंगीत झालं होतं. रात्री अकराच्या सुमारास बाबा उठून बसले. छाती चोळत आईला म्हणाले, "अगं, पित्त झालंय बहुतेक. आमटी जरा जास्त झाली." आईने लिंबू पिळून त्यात चिमूटभर खायचा सोडा घालून दिला. ग्लास फसफसला, बाबांनी एका दमात प्यायला, मोठी ढेकर दिली आणि म्हणाले, "सुटलो." त्यांना घाम आला होता, तो आईने पदराने पुसला. भाद्रपदातला उकाडा, घाम सगळ्यांनाच येत होता. पहाटे चारला आईने मला हलवून उठवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक. बाबा ५२ वर्षांचे होते, मी २२चा.

त्यानंतर आमच्या घरात खायचा सोडा कधी आला नाही. कोणी तसं ठरवलं नाही, कोणी बोललं नाही. डबा रिकामा झाला आणि तो पुन्हा भरला गेला नाही, एवढंच. ढोकळा कधी खावासा वाटला तर दुकानातून.

आता मला ५१ पूर्ण झाली आहेत. हा आकडा लिहिताना मी काय विचार करतो ते तुम्हाला कळलंच असेल.

गेल्या श्रावणातला सोमवार. दिवसभर उपास म्हणजे पाच-सहा चहा. ऑफिसातून निघायला उशीर, त्यात लोकल रखडलेली. घरी पोचलो तेव्हा सव्वादहा. सगळे जेवले होते, माझं पान झाकून ठेवलं होतं. वालाचं बिरडं, भात, तळलेल्या मिरच्या, वर शेवयांची खीर. दिवसभराचा उपाशी माणूस जसा जेवतो तसा जेवलो आणि अकराला आडवा झालो. दोनच्या सुमारास जाग आली ती छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखी. घशात आंबट पाणी, ठसका. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर मागोमाग बायको आली. "काय होतंय?" मी म्हणालो, "काही नाही गं, पित्तच असेल."

बोललो आणि दारात आई उभी असलेली दिसली.

तिने ना लिंबू शोधलं, ना आमसूल. ७४ वर्षांची बाई, दिवा लावून एवढंच म्हणाली, "रिक्षा बोलवा." मी काहीतरी कुरकुर केली. "मी विचारत नाहीये," ती म्हणाली.

इमर्जन्सीत ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. गेल्या गेल्या ईसीजी काढला. तो ठीक होता. मला वाटलं, झालं, सुटलो. पण त्यांनी थांबवून घेतलं. सुरुवातीला ईसीजी चांगला येऊनही हृदयाला इजा झालेली असू शकते, म्हणून ट्रोपोनिन नावाची रक्तातली चाचणी करतात, आणि काही तासांनी पुन्हा करतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं. ते काही तास आई बाहेर बाकावर मांडीत पर्स घेऊन ताठ बसली होती. दोन्ही वेळा रिपोर्ट ठीक आला.

सकाळी डॉक्टर सांगायला आल्या तेव्हा आईने त्यांना एकच विचारलं. "डॉक्टर, पित्त आहे की हार्ट आहे हे नुसतं माणसाकडे बघून कळतं का हो?"

"नाही आजी," त्या म्हणाल्या. "मलाही खात्रीने कळत नाही. म्हणून तर मशीन लावलं." अन्ननलिका आणि हृदय शेजारी शेजारी, दोघांकडून निघालेल्या नसा मणक्यातल्या साधारण त्याच भागात पोचतात, त्यामुळे दुखणं नक्की कुणाचं हे मेंदूलाही धड ओळखता येत नाही, असं त्यांनी समजावलं. आई मान हलवत राहिली. पुढे काही बोलली नाही.

नंतर पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. एंडोस्कोपी झाली (घशातून नळी घालतात. फार त्रास होत नाही, आधीची भीतीच मोठी). निदान ॲसिड रिफ्लक्सचं. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवलं, ते मला इतकं पटलं की इथे सांगतोच.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. चंचीची नाडी ओढल्यावर तोंड आवळतं ना, तसं ते एरवी आवळलेलं असतं. घास आला की उघडायचं, घास आत गेला की मिटायचं. बाहेरून पोट आणि छातीमधला पडदाही त्याला आवळून धरतो. माझ्याकडे ही नाडी जरा सैल आहे, आणि जठराचा थोडासा भाग त्या पडद्यातून वर सरकलेला आहे. त्याला हायटस हर्निया म्हणतात, तो बऱ्याच लोकांना असतो. आम्ल जठरात असायलाच हवं. त्याशिवाय अन्न पचायचं कसं? जठराला आतून बुळबुळीत अस्तर असतं म्हणून त्याला ते सोसतं. अन्ननलिकेला तसं कवच नाही, त्यामुळे वर आलं की भाजतं. म्हणजे माझं पित्त 'वाढलं' नव्हतं. ते चुकीच्या दारातून बाहेर येत होतं!

काकांच्या बोटांबद्दलही मी विचारलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. जे आम्ल अन्ननलिकेत येऊ नये म्हणून सगळा खटाटोप, ते मुद्दाम रोज वर आणायचं, वर दातांची झीज!

गोळी दिली, पॅन्टोप्रॅझोल. ही गोळी मी त्याआधी कितीतरी वेळा दुकानातून आणून, जळजळ झाली की, जेवणानंतर खाल्ली होती. चूक. जठरातले आम्ल तयार करणारे पंप खाण्याबरोबर कामाला लागतात आणि ही गोळी चालू पंपच बंद करते, म्हणून ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. मला आठ आठवड्यांचा कोर्स होता. कुणाकुणाला जास्त काळ लागते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आपल्याकडे लोक वर्षानुवर्षं सकाळच्या चहासारखी ही गोळी घेतात. फार वर्षं घेतली तर ब-१२ कमी होऊ शकतं, आणि आपण शाकाहारी मंडळी तिथे आधीच काठावर. आणि एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळी मारून येतं, मग माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही.

खरं काम गोळीबाहेरचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, सगळ्यांना सगळं बाधत नाही, तुम्हाला काय बाधतं ते लिहून काढा. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाशेजारी मी लिहू लागलो. दोन महिन्यांनी बघितलं तर गंमतच. ज्या मिसळीला मी गुन्हेगार ठरवून बसलो होतो ती दुपारी एक वाजता खाल्ली तर निर्दोष! आणि साधा वरणभात रात्री साडेदहाला भरपूर खाऊन झोपलो की रात्र वाया. थंड दूधही तसंच. पिताना बरं वाटायचं, तासाभराने पुन्हा जळजळ. मुख्य आरोपी होता तो जेवण आणि अंथरूण यांच्यातला वेळ. तो किमान तीन तास हवा. आता मी संध्याकाळी ऑफिसातच डबा खातो आणि घरी आल्यावर ताक-मुगाच्या पाण्यासारखं काहीतरी हलकं. पोट थोडं रिकामं ठेवून उठतो. सहा किलो वजन उतरलंय. त्याचा फरक सगळ्यात जास्त.

दुसरं, पलंगाची उशाकडची बाजू सहा इंच वर घ्यायची. नुसत्या उश्या रचून चालत नाही, त्याने माणूस कमरेत वाकतो आणि पोटावर उलट दाब येतो. पायांखाली विटा लावल्या. आईने त्या जुन्या साडीच्या कापडात शिवून दिल्या, फरशीवर चरे पडू नयेत म्हणून. पहिले चार दिवस मी रात्रभर पायथ्याकडे घसरत होतो, आता सवय झाली.

तिसरं, डाव्या कुशीवर झोपायचं. हे ऐकल्यावर मी हसलोच. वामकुक्षी! वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस, हे शाळेत शिकलो होतो आणि विसरलो होतो. डाव्या कुशीवर असताना जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीला राहतं, त्यामुळे आम्ल वर यायला कमी वाव मिळतो आणि आलेलं लवकर उतरतं. अर्थात शतपावलीआधीच वामकुक्षी, आणि तीही चार वाजेपर्यंत, हा आमच्या घराण्याचा पाठभेद आहे, त्याला कसलाही आधार नाही. :-)

विटा लावत होतो त्या संध्याकाळची गोष्ट. आई सुईदोरा घेऊन खाली बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना ढेकर आली होती रे. मला वाटलं, उतरलं."

इतक्या वर्षांत त्या रात्रीबद्दल ती पहिल्यांदा बोलत होती. मला काही सुचेना. मग जे माहीत होतं तेच सांगितलं. सोडा आणि लिंबू एकत्र आले की वायू होतोच, तो ज्याच्या पोटात जाईल त्याला ढेकर येणारच, दुखणं कशाचंही असो. सोड्याने बरं वाटलं म्हणजे हार्ट नाही, असं डॉक्टरही धरून चालत नाहीत. "त्या मुलीला तर कळलं नसतं मशीनशिवाय, ती डॉक्टर आहे. तुला कसं कळणार होतं?"

"पण घाम आला होता," ती म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घाम आला होता हे खरं. मी विटा लावत राहिलो. थोड्या वेळाने तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "दुसरी वीट दे इकडे."

सगळं सुरळीत झालं असं लिहिणार नाही. महिन्यातून एखाददोन रात्री जळजळ होते. पण दिवाळीनंतर एका रविवारी किराणा लावताना खायच्या सोड्याची पुडी दिसली. यादी आईच्या अक्षरात होती. घरी ढोकळा झाला. जरा दडपलाच, सवय गेलेली. मी तीन तुकडे खाल्ले, संध्याकाळी पाच वाजता, आणि काही झालं नाही.

शेवटी नातेवाइकांसाठी दोन ओळी. आत्या, तू वाचतेसच. घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, शौच काळी होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं तर घरगुती औषध करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दाब, घाम, धाप, हातात किंवा जबड्यात कळ, यातलं काही असलं तर 'पित्तच असेल' म्हणून झोपू नका. मधुमेहाच्या लोकांना आणि बायकांना कधी कधी नुसती मळमळ आणि थकवाच जाणवतो. १०८ला फोन करा, ईसीजी काढा. पित्तच निघालं तर बरंच की, माझ्यासारखे घरी परत याल आणि विटा लावाल.

आणि काकांना सांग, ती बोटं आता बंद.