पाँपेईच्या पाणवठ्यावर

नेपल्सहून आगगाडीत बसलो तेव्हा मनात होता व्हेसुव्हियस. इसवी सन ७९ मध्ये या ज्वालामुखीने पाँपेई शहर गाडले, हे शाळेतच शिकलो होतो. पण परतलो तेव्हा डोळ्यांपुढे होता एक दगडी हौद!

असे चाळीसच्या आसपास हौद तिथल्या रस्त्यांवर सापडले आहेत. चार शिळा जोडून केलेली टाकी आणि वर कोरलेल्या मुखवट्याच्या तोंडातून पडणारी धार. थोडे चालले की पुढचा हौद दिसतो.

"अहो, इथल्या बायकांना लांब जावे लागत नसणार," आमची ही म्हणाली. तिचे बालपण गिरगावच्या चाळीत, पहाटेच्या नळावर गेलेले!

शहराच्या उंच टोकाला, व्हेसुव्हियस वेशीपाशी, एक विटांची इमारत आहे. पाटाने आलेले पाणी तेथून तीन वाटांनी गावात सोडीत. उतारामुळे पाण्याला जोर फार. खालच्या वस्तीतले नळ फुटायचे. म्हणून चौकाचौकांत मनोरे बांधून माथ्यावर शिशाच्या टाक्या ठेवल्या. पाणी वर चढे, टाकीत विसावे आणि जोर ओसरल्यावर हौदांत व घरांत उतरे. ओघळांनी साचलेले चुन्याचे थर मनोऱ्यांच्या अंगावर अजून दिसतात.

घरात शिशाचा नळ मात्र श्रीमंतांकडेच. त्यांच्या बागांत कारंजी उडत. इतरांना छपरावरून टाक्यात साठविलेले पावसाचे पाणी, नाहीतर रस्त्यावरचा हौद.

त्या हौदाचा काठ तोटीशेजारी गुळगुळीत झिजला आहे. पाण्यासाठी ओणवे होताना लोक तेथे हात टेकीत. हिने सहज हात ठेवला. तो नेमका बसला. किती पिढ्यांचे तळवे त्या दगडावरून गेले असतील!

मग वाटाड्याने रस्त्याकडेचे चर दाखविले. भूकंपाने बिघडलेले नळ दुरुस्तीसाठी उपसले होते. चर बुजविण्याआधीच वरून आग्नेय खडे नि राख कोसळली. म्हणजे शेवटच्या त्या दिवसांत कित्येक हौद कोरडेच असावेत.

"पाण्याची वाट पाहत गेल्या बिचाऱ्या," ही हळूच म्हणाली.

काही जुन्या हौदांना हल्ली पुन्हा नळ जोडले आहेत. निघताना तिने एकाखाली ओंजळ धरली, पाणी प्याली, आणि नळ नीट बंद झाला ना, ते दोनदा पाहिले.