रणांगणावरच्या तळटिपा

गेली काही वर्षे मी एका विशिष्ट प्रकारच्या लेखनाची नियमित वाचक आहे, आणि साहित्याच्या अध्यापकांत हे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर सौम्य दयाभाव उमटतो. हे लेखन म्हणजे इंग्रजी विकिपीडियावरील लष्करी इतिहासाचे लेख. लेख वाचते, त्याहून अधिक त्यांच्या पाठीमागची चर्चापाने वाचते. २००१ साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात लष्करी इतिहासाला वाहून घेतलेल्या स्वयंसेवकांचा एक मोठा प्रकल्प आहे. त्यांचे समन्वयक निवडणुकीने ठरतात, 'द ब्यूगल' नावाचे त्यांचे वार्तापत्र निघते, आणि सहकाऱ्यांनी ओळीओळीची झडती घेतल्याखेरीज लेखाला 'अ' दर्जा मिळत नाही. जगातल्या यच्चयावत बॅटलशिपांवरचे लेख सर्वोच्च दर्जाला नेण्याचा संकल्प सोडून ही मंडळी कामाला लागली, त्यालाही आता बराच काळ लोटला. कधीच भंगारात गेलेल्या नौकेच्या चिलखती पत्र्याची जाडी किती, यावर परस्परांना कधीही न भेटलेली माणसे पानेच्या पाने खर्ची घालतात. मानधन नाही, नाव बहुधा टोपण.

या लेखांचे गद्य वाङ्मयीन दृष्टीने रूक्षच. मात्र ते रूक्षपण कमावलेले आहे. 'महान', 'अजरामर', 'अद्वितीय' अशा पिसारा फुलवणाऱ्या शब्दांना तेथे मज्जाव. विशेषण आले की कोणी तरी विचारतो, हे कोण म्हणतो आणि कोणत्या पृष्ठावर? आपल्याकडे लढाईचे वर्णन म्हटले की लेखणीला स्फुरण चढते. 'रणधुरंधर' आणि 'पराक्रमाची शर्थ' यांच्यावाचून आपला परिच्छेद पुरा होत नाही. बखरीपासून ऐतिहासिक कादंबरीपर्यंत हीच परंपरा आहे आणि ती मला प्रिय आहे. परंतु वर्गात पानिपतावर लिहायला सांगितले, की निम्म्या वह्यांत विश्वास पाटलांची १९८८ ची कादंबरी इतिहासाचा पुरावा म्हणून अवतरते, तेव्हा 'संदर्भ हवा' ही विकिपीडियावरची कोरडी सूचना मला एखाद्या मौनी गुरूसारखी वाटू लागते.

प्रत्येक लढाईच्या लेखाच्या कडेला एक माहितीचौकट असते. दिनांक, स्थळ, सेनापती, सैन्यबळ, हानी आणि निकाल. निकालाच्या रकान्याबद्दल या मंडळींचा दंडक कडक आहे : कोण जिंकले एवढेच लिहावे, किंवा अनिर्णित म्हणावे, किंवा वाचकाला सरळ परिणामांच्या परिच्छेदाकडे पाठवावे, 'निर्णायक', 'डावपेचात्मक' अशी शेपटे जोडू नयेत. आता १४ जानेवारी १७६१ घ्या. रकान्यात अब्दालीचा विजय, आणि ते खरेच आहे. पण जेता काही महिन्यांतच माघारी गेला आणि १७७१ साली मराठे पुन्हा दिल्लीत होते. उलट मराठी भाषेने या गावाच्या नावाचेच क्रियापद केले. परीक्षेत नापास झालेल्याचेही आपल्याकडे 'पानिपत होते'. हा निकाल कोणत्या रकान्यात लिहायचा? हानीच्या रकान्याची गोष्ट त्याहून चमत्कारिक. पानिपतची वार्ता पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली अशी परंपरा आहे. त्यात मृतांची नावे नव्हती. मोती, मोहरा आणि नाणी यांच्या नुकसानीचा सांकेतिक हिशेब होता, आणि खुर्द्याची मोजदाद सोडून दिलेली होती. सामान्य शिपाई म्हणजे खुर्दा. चौकटीतला हानीचा आकडा त्या खुर्द्याची मोजदाद करू पाहतो, म्हणून तो आकडा कितीही वादग्रस्त असो, त्याच्यासाठी भांडणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो.

आकडा कोठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. अप्रकाशित कागदाला या ज्ञानकोशात प्रवेश नाही. छापील अस्सल साधनही वर्णनापुरतेच घ्यावे, त्यावरून स्वतःचा निष्कर्ष काढू नये. नियम शहाणपणाचा आहे. तो नसता तर प्रत्येक घराण्याने आपापली वंशावळ आणून ओतली असती (तरीही ओतली जातेच, असो). पण या नियमापुढे मला सतत राजवाडे दिसतात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, आणि त्यात पानिपतापर्यंतचीच पत्रे. त्याच सुमारास मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे शिकवण्यातून उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातले कागद 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'तून छापत होते. हेही स्वयंसेवकच, पोटासाठी वेगळे काम आणि पदरमोड करून हे व्यसन. आजच्या ज्ञानकोशकाराशी त्यांचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे. पण त्या ज्ञानकोशात राजवाड्यांचे मुख्य काम बाद ठरले असते, कारण माळ्यावरचा कागद उतरवून त्यावरून निष्कर्ष काढणे हेच तर ते काम!

अर्थात त्यांनी कागद छापले, म्हणून आज ते संदर्भ म्हणून चालतात. चालतात, पण चालवणारा कोणी नाही. इंग्रजीत लिहिणारा सिडनी-लंडनचा स्वयंसेवक जे पुस्तक वाचू शकतो तेच उद्धृत करणार. ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास त्याला घरबसल्या मिळतो, शब्द घालून धुंडाळता येतो. काशिराज पंडिताची फारसी हकीकत १७९१ साली इंग्रजीत आली, तीही त्याच्या आवाक्यात आहे. खऱ्यांचे खंड मात्र त्याला लिपीपासूनच परके. परिणामी मराठ्यांच्या लढाया जगाला बऱ्याच अंशी कंपनीच्या माणसांच्या नजरेने दिसतात. यात कोणाचे कारस्थान नाही. पुरावा ज्या भाषेत वाचला जातो तिची बाजू बोलते, एवढेच. याचा दोष मी त्या परदेशस्थाकडे देणार नाही. बखरीची शैली शिकवून थांबणाऱ्या आम्हां मराठीच्या अध्यापकांकडे ही पत्रे वाचण्याची विद्या आहे, आणि आम्ही ती प्रश्नपत्रिकेपलीकडे नेत नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. माझी एक माजी विद्यार्थिनी तेथे रात्री दहानंतर, मूल झोपले की लिहिते. छापील पत्र समोर ठेवायचे, त्यावर इतिहासकाराने काय म्हटले ते शोधायचे, पृष्ठांक द्यायचा आणि तेच वाक्य इंग्रजी लेखाच्या चर्चापानावर भाषांतरासह मांडायचे, असा तिचा क्रम. मला ती शब्दांसाठी फोन करते. मागच्या आठवड्यात 'गारदी' अडला. इब्राहिमखानाच्या कवायती पायदळाला इंग्रजीत भाडोत्री सैनिक म्हणावे काय? मी म्हटले, तसे लिहिले तर पानिपतावर शेवटपर्यंत उभा राहिलेला माणूस आधीच विकाऊ ठरतो. शिवाय मराठी वाचकाच्या कानात हा शब्द आला की १७७३ चा शनिवारवाडा आणि नारायणरावाचा खून हटकून येतो, त्याचा डाग पानिपतच्या गारद्यांवर मागे जाऊन पडतो. मग लिहू काय, मॅडम? कवायती पायदळ लिही, मी म्हटले, आणि मूळ शब्द तसाच ठेवून खाली टीप दे. टिपेला संदर्भ कोणता द्यावा, हे आम्ही दोघी अजून शोधतो आहोत.